घरपट्टीच्या बिलात वाचनालय का नाही?

मुंबईतल्या मालमत्ता कराचं बिल कधी सावकाश वाचून पाहावं. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिःसारण कर, पथकर, महापालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर. दुकानाचा गाळा असेल तर रोजगार हमी उपकरही. इतर शहरांत नावं थोडी बदलतात, रकाने साधारण तेच. झाडांसाठी आपण वेगळे पैसे भरतो, हे अनेकांना बिल वाचल्यावरच कळतं. पण ग्रंथालयाचा रकाना कुठेच सापडत नाही. चेन्नई, बेंगळुरू किंवा तिरुवनंतपुरमच्या घरमालकाला तो भरावा लागतो, आपल्याला नाही. नव्या वसाहतीत सार्वजनिक वाचनालय हवं असा विषय निघाला की सगळे आधी आमदार निधीकडे का बघतात, याचं उत्तर या नसलेल्या रकान्यात आहे.

वाचनालयासाठी कर घ्यावा की नाही, हे भांडण मुळात इंग्लंडातलं. विल्यम एवर्ट या खासदाराच्या खटपटीने १८५० मध्ये तिथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहराला घरपट्टीच्या प्रत्येक पौंडामागे अर्धा पेनी घेण्याची मुभा मिळाली, तीही करदात्यांच्या मतदानात दोन तृतीयांश बहुमत मिळालं तर. वर गंमत अशी, की या पैशातून इमारत बांधता येई, ग्रंथपाल नेमता येई, पण पुस्तकं घेता येत नसत. पुस्तकं कुणीतरी दान देईल असं गृहीत होतं. सिब्थॉर्प नावाच्या एका खासदाराने तर सभागृहात सांगून टाकलं, की मुळात त्याला वाचनच आवडत नाही. १८५५ मध्ये अर्ध्याचा एक पेनी झाला आणि पुस्तकखरेदीलाही परवानगी मिळाली. पेनीची मर्यादा उठायला मात्र १९१९ उजाडलं.

आपल्याकडची वाचनालयं त्या कायद्याइतकी किंवा त्याहून जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. तेव्हाचं त्यांचं सर्वसाधारण नाव ‘नेटिव जनरल लायब्ररी’. गोऱ्या अधिकाऱ्यांचा पुढाकार किंवा आशीर्वाद, गावातल्या प्रतिष्ठितांच्या देणग्या आणि सभासदांची वर्गणी, असा त्यांचा संसार. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादींची खटपट होती. पुढे १८९३ मध्ये ठाण्यात आणि १८९८ मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. ही दोन्ही उभी राहिली ती मराठी पुस्तकं एका जागी जपली जावीत या ध्यासातून, सरकारी आदेशातून नव्हे. या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण तिचा एक परिणाम सहसा बोलला जात नाही. वाचनालय म्हणजे संस्थेचं, संस्था म्हणजे सभासदांची, ही समजूत आपल्या हाडीमाशी मुरली. वाचनालय गावाचं, म्हणून त्याचा खर्चही सगळ्या गावाचा, हा विचार इथे कधी नीट रुजलाच नाही.

रुजू शकला असता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावच्या वाचनालयासाठी त्यांचा हिशेब सरळ होता: एक हिस्सा गावाने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. गावाने आधी खिशात हात घातला पाहिजे, ही अट त्यातच आली. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाच केला. भारतात असा कायदा आधी कुणी केला नव्हता. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो कायदा इतिहासजमा झाला. मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने जाणारी योजना आखून दिली. योजनेचे वरचे टप्पे स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाले, खालचे बरेचसे कागदावर राहिले.

दरम्यान मद्रासेत एस. आर. रंगनाथन कराचा आग्रह धरून बसले होते. गणिताचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले होते आणि इंग्लंडातली घरपट्टीवर चालणारी वाचनालयं त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांचं म्हणणं असं, की अनुदान सरकारच्या मर्जीवर असतं, उपकर कायद्याने येतो. १९३० पासून ते नमुना कायद्याचा मसुदा घेऊन फिरत होते. १९४८ मध्ये मद्रासचा कायदा झाला आणि घरपट्टीच्या दर रुपयामागे सहा पै (तेव्हाच्या रुपयाचे १९२ पै होत) ग्रंथालय उपकर लागला. आंध्रने १९६० मध्ये आणि म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, १९६५ मध्ये तीच वाट धरली. त्याआधी १९५७ मध्ये केंद्राने नेमलेल्या सिन्हा समितीनेही घरपट्टीवर रुपयामागे किमान सहा पैसे उपकर सुचवला होता.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे, १ मे १९६८ पासून अमलात आला. म्हणजे ही सगळी उदाहरणं समोर होती. तरीही त्यात उपकर नाही. ग्रंथालय निधी आहे आणि त्यात राज्य सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, असं कलम आहे. १९६७ मध्ये २५ लाख ही बऱ्यापैकी रक्कम होती. पण कायद्यात आकडा असा रुपयांत कोरून ठेवला की तो महागाईबरोबर वाढत नाही. टक्क्यातला उपकर घरपट्टी वाढली की आपोआप वाढतो. माझ्या मते आपली गाडी रुळावरून घसरली ती इथेच. नवीन कर लावण्याचा वाईटपणा टाळून सरकारने अनुदानाचा मार्ग घेतला, आणि चालवायला आयत्या संस्था होत्याच.

पुढे १९७० च्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग ठरवले. जिल्हा, तालुका, इतर अशी आणखी एक उतरंड. पुस्तकांची संख्या, सभासद, वृत्तपत्रं, नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास, यांवर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. खेड्यातल्या कार्यवाहांच्या बोलण्यात ‘वर्गबदल’ हा शब्द ज्या आशेने येतो, ती आशा बघण्यासारखी असते. कर्मचाऱ्यांचं मानधनही याच अनुदानातून जातं, त्यामुळे ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल, शिपाई आणि झाडूवाला एकच माणूस असतो.

याचा एक फायदा मान्य करायला हवा. राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात शासनमान्य ग्रंथालयं झाली. सरकारने स्वतः चालवायची म्हटलं असतं तर इतकी झाली नसती. पण त्यातली काही नुसती पाटीपुरती होती, हेही तितकंच खरं. २०१२ मध्ये सरकारने महसूल खात्याकरवी पडताळणी केली, हजारो ग्रंथालयांत त्रुटी निघाल्या आणि नवीन मान्यता थांबली. २०१२ नंतर अनुदानाचे दरही दहा वर्षं तिथेच राहिले. ६० टक्के वाढीचा निर्णय आला तो २०२२ संपता संपता. कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी त्याहून जुनी, व्यंकप्पा पत्की समितीचं नाव घेऊन होणारी आंदोलनं अजून चालूच आहेत.

मग उपकर लावला की प्रश्न सुटला का? कर्नाटकाकडे पाहिलं तर तसं म्हणवत नाही. तिथे मालमत्ता करावर सहा टक्के उपकर आहे. तो महापालिका गोळा करते आणि तिने तो ग्रंथालय खात्याकडे द्यायचा असतो. बेंगळुरूच्या महापालिकेकडे ही थकबाकी शेकडो कोटींवर गेल्याच्या बातम्या अधूनमधून येत आल्या आहेत. नागरिक बिल भरतो, पैसा मधेच जिरतो. तामिळनाडूतल्या स्थानिक संस्थांबद्दलही अशा तक्रारी आहेत. उपकराने वसुलीची सोय होते, पोचवण्याची नाही.

उपकर आला की लोकांच्या संस्था सरकारजमा होतील, हा आपल्याकडचा दुसरा आक्षेप. त्याला केरळचं उत्तर आहे. तिथली वाचनालयंही आपल्यासारखीच गावकऱ्यांच्या मंडळांनी उभी केलेली. १९८९ च्या कायद्याने मालमत्ता करावर पाच टक्के अधिभार आला आणि राज्याच्या शिक्षण खर्चातला किमान एक टक्का ग्रंथालय परिषदेला देण्याचं बंधन आलं. वाचनालयं मंडळांकडेच राहिली, आणि परिषद त्यांच्या प्रतिनिधींतून निवडली जाते. आपल्या शेजारच्या गोव्याने १९९३ च्या कायद्यात आणखी वेगळी युक्ती केली. घरपट्टीला हात न लावता विदेशी मद्य आणि बिअरवर ग्रंथालयाचा अधिभार ठेवला. पिणाऱ्याने वाचणाऱ्याला पोसायचं, हा हिशेब गोव्यालाच सुचावा.

महाराष्ट्रात महापालिकेच्या कायद्यात ग्रंथालय हे ऐच्छिक कर्तव्यांत मोडतं. रस्ता, पाणी, गटार आवश्यक, वाचनालय जमलं तर. त्यामुळे नव्या भागात लोक वाचनालय मागायला गेले की रस्ते दोनच उरतात. संस्था नोंदवा, स्वतःच्या पैशाने पुस्तकं जमवा, वाचनालय चालवून दाखवा आणि मान्यतेची वाट बघा. नाहीतर सुविधा भूखंडावर एक हॉल मागून घ्या. हॉल बांधायला निधी मिळतो, कारण त्याला कोनशिला असते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून इमारतीला आणि पुस्तकांना मदत मिळू शकते. ग्रंथपालाचा पगार, विजेचं बिल आणि दर वर्षी येणाऱ्या नव्या पुस्तकांचा खर्च कुठल्या खात्यातून टाकायचा, हा प्रश्न उद्‌घाटनाच्या पत्रिकेवर छापत नाहीत. तो साधारण दोन वर्षांनी निघतो, हॉलमध्ये योगवर्ग सुरू झाल्यावर.