ॲटलास पर्वतातील पदभ्रमंती

ॲटलास पर्वतातील पदभ्रमंती : मोरोक्कोच्या हाय ॲटलास रांगांत आठ-दहा, फार तर बारा-पंधरा जणांच्या गटाने बर्बर लोकांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, गावांमधून चालत केलेला काही दिवसांचा प्रवास. सोबत स्थानिक वाटाड्या, स्वयंपाकी आणि सामान वाहणारी खेचरे असतात. मुक्काम गावातल्या घरगुती विश्रामगृहात किंवा वरच्या कुरणात तंबू ठोकून. अशा सहलींना हल्ली सरसकट ‘जबाबदार पर्यटन’ म्हटले जाते. ते कितपत खरे आहे हे गटाच्या आकारावरून ठरत नाही. खेचराचे भाडे, वाटाड्याची मजुरी आणि मुक्कामाचे पैसे शेवटी कोणाच्या हातात पडतात, यावरून ठरते.

प्रदेश आणि लोक

हाय ॲटलासची रांग मोरोक्कोत नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे ७०० किमी पसरलेली आहे. जबल तुबकाल (४,१६७ मी.) हे तिचे, आणि साऱ्या उत्तर आफ्रिकेचे, सर्वोच्च शिखर. त्याच्या पायथ्याचे इमलील हे गाव माराकेशपासून साठ-पासष्ट किमीवर, सुमारे १,७४० मी. उंचीवर आहे. दर शनिवारी बाजार भरणारे आसनी हे त्याच रस्त्यावरचे मोठे गाव. माराकेशच्या विमानतळावर उतरलेला माणूस त्याच दिवशी दुपारी इमलीलच्या अक्रोडांखाली पोचू शकतो. या खोऱ्याची भरभराट आणि त्याच्यावर पडलेला ताण, दोन्हींचे मूळ या जवळिकीत आहे.

इथले बर्बर स्वतःला इमाझिगेन म्हणवतात. त्यांच्या भाषांपैकी पश्चिमेकडे ताशेलहित बोलली जाते, मध्य ॲटलासच्या बाजूला तामाझिग्त. २०११च्या राज्यघटनेने बर्बर (अमाझिग) भाषेला अरबीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला, त्यामुळे शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या पाट्यांवर तिची तिफिनाग लिपी दिसू लागली. गावे उतारावर एकमेकांना टेकलेली, आणि त्यांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची शेते. जव आणि मका घरच्यासाठी. अक्रोड, सफरचंद, चेरी विकण्यासाठी. पाणी डोंगराच्या कडेने काढलेल्या पाटांतून येते. या पाटाला तार्गा म्हणतात. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे याची पाळी गावची सभा, म्हणजे जमाआ, ठरवते. पुष्कळ पायवाटा या पाटांच्या काठानेच जातात. दहा जण एका ओळीत चालले तर काठाला काही होत नाही, पण चाळीस जण गप्पा मारत पसरून चालले की माती पाटात पडते आणि दुरुस्ती गावाला करावी लागते. लहान गटाच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादांपैकी हा सगळ्यात खरा.

उन्हाळ्यात मेंढ्या आणि शेळ्या वरच्या कुरणांत जातात. तिथल्या दगडी झोपड्यांना अझिब म्हणतात. काही कुरणे ‘अग्दाल’ असतात, म्हणजे ठरलेल्या काळात तिथे चराईबंदी असते. उकाइमदेनचे अग्दाल १५ मार्च ते १० ऑगस्ट बंद राहते आणि मग सगळ्या हक्कदार गावांना एकाच दिवशी खुले होते. गवताला वाढायला आणि बी धरायला त्यामुळे सवड मिळते. पर्यावरणाचे नियम बाहेरून आलेल्या चालणाऱ्यांनी या डोंगरात आणले असे समजणाऱ्याने हे अग्दाल एकदा पाहावे. विश्रांतीसाठी सपाट, हिरवी जागा दिसली म्हणून बंदीच्या काळात तिथे खेचरे सोडणारा गट गावाच्या कायद्याचे उल्लंघन करत असतो, मग त्याने कागदावर काहीही लिहिलेले असो.

इतिहास

तुबकालवरची पहिली नोंदलेली चढाई १२ जून १९२३ रोजी मार्की द सेगोंझाक आणि त्यांच्या दोन फ्रेंच साथीदारांनी केली. गावकरी आणि मेंढपाळ त्याआधी वर गेले नसतील असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. फ्रेंच आल्पाइन क्लबने १९३८ मध्ये ३,२०७ मी. उंचीवर निवारा बांधला आणि १९४२ मध्ये तुबकाल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. ही सारी व्यवस्था शिखर गाठू पाहणाऱ्यांसाठी होती. गाव म्हणजे वाटेत लागणारे ठिकाण.

गावातून गावात चालण्याची कल्पना रुजली ती १९८०च्या दशकात. मोरोक्को सरकारने फ्रेंच सहकार्याने ॲटलास आडवा पार करणारा लांब मार्ग आखला, गावांतल्या घरांना विश्रामगृहे म्हणून मान्यता दिली आणि आइत बुगमेझ खोऱ्यातल्या ताबांत येथे पर्वतीय वाटाड्यांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले. तिथून बाहेर पडलेल्या वाटाड्याला अधिकृत ओळखपत्र मिळते. वाटाड्याचा परवाना ही त्यामुळे खोऱ्यातली मोठी मिळकत ठरली. तो मिळवणाऱ्या स्त्रिया मात्र आजही फार थोड्या आहेत.

एक दिवस

सकाळी न्याहारी आटोपून गट निघतो. खेचरवाले मागून सामान बांधतात आणि तासाभरात गटाला ओलांडून पुढे जातात. दुपारच्या मुक्कामाला पोचावे तर चटई अंथरलेली, पातेल्यात डाळ किंवा भाजी शिजलेली आणि किटलीत पुदिन्याचा हिरवा चहा तयार. रोजचे चालणे साधारण पाच-सहा तासांचे. वाटेत एखादी खिंड ओलांडावी लागते. इमलीलहून पूर्वेला जायला तिझी-न-तामातेर्त (२,२७९ मी.) आणि पश्चिमेच्या अझ्झादेन खोऱ्यात उतरायला तिझी-न-मझिक (सुमारे २,४९० मी.). या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. तुबकालला जाणाऱ्याने मात्र तो गृहीत धरावा.

गंमत अशी, की तुबकालचे शिखर या भ्रमंतीतला सर्वांत कंटाळवाणा भाग ठरू शकते. दगडगोट्यांच्या घसाऱ्यावर ऊर फुटेस्तोवर चढायचे, वर छायाचित्रे काढणाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे आणि त्याच घसाऱ्यावरून उतरायचे. ताशेद्दिर्त किंवा तिझी उस्सम या गावांच्या बाजूला दोन दिवस जास्त घालवणाऱ्याच्या पदरात डोंगरही पडतो आणि गावही.

खेचर

या साऱ्या व्यवस्थेचा कणा खेचर आहे. घरटी एखादे खेचर असणे म्हणजे खाऊनपिऊन सुखी असणे. शेणखत, लाकडे, सफरचंदांच्या पेट्या, आजारी माणूस, सगळे तेच वाहते, आणि हंगामात पर्यटकांचे सामान वाहून रोख पैसा आणते. एका खेचरावर सहसा दोन-तीन जणांच्या पिशव्या आणि थोडा शिधा चढतो. पैसे वाचवण्यासाठी चार जणांचे ओझे एकावर लादले की त्या खेचराची पाठ खोगिराखाली सोलवटून निघते आणि दुसऱ्या घरचा एक रोजगारही बुडतो. जबाबदारीची सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे सकाळी खेचरे मोजावीत आणि खोगीर उतरवल्यावर पाठी पाहाव्यात. प्राण्यांसाठी काम करणारी, १९२३ मध्ये स्थापन झालेली स्पाना ही संस्था मोरोक्कोत पशुवैद्यकीय उपचार देते आणि टोचणाऱ्या लोखंडी लगामाऐवजी साधा लगाम वापरावा यासाठी प्रयत्न करते.

खेचरवाला कोण, हा पुढचा प्रश्न. काही ठिकाणी गावात पाळी लावलेली असते, ज्याचा क्रम त्याला काम. काही ठिकाणी मोठ्या शहरातला मध्यस्थ आपल्या ओळखीच्या चार घरांनाच बोलावतो. दोन्ही प्रकारांत गट दहाचाच असतो आणि पत्रकावर ‘स्थानिक लोकांना रोजगार’ हेच शब्द असतात. खेचरवाल्याची मजुरी आणि खेचराचे भाडे वेगळे दिले जाते की एकत्र, चाऱ्याचा खर्च कोणाचा, परतीच्या रिकाम्या दिवसाचे पैसे मिळतात की नाही, हे विचारणारा प्रवासी क्वचित भेटतो. बक्षिशीवर सगळी भिस्त असेल तर मुळात मजुरी कमी आहे असे समजावे.

पैसा आणि गाव

इमलीलमध्ये याचे एक अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. गावाच्या वरच्या टेकाडावरची पडकी गढी दुरुस्त करून १९९०च्या दशकात तिथे ‘कस्बा द्यु तुबकाल’ हे निवासस्थान उभे राहिले. इथल्या बिलावर पाच टक्के आकार घेतला जातो आणि तो गावच्या संस्थेकडे जातो. त्यातून रुग्णवाहिका, सार्वजनिक हमाम आणि कचरा उचलण्याची सोय झाली. खोऱ्यातल्या कोणालाही, पर्यटनाशी संबंध नसलेल्यालाही, त्याचा उपयोग होतो, हे त्याचे मोल. त्याच वर्तुळातून ‘एज्युकेशन फॉर ऑल’ ही संस्था निघाली. डोंगरातल्या मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेनंतर थांबत असे, कारण माध्यमिक शाळा लांब आणि राहायला जागा नाही. संस्थेने २००७ मध्ये आसनीत पहिले वसतिगृह काढले.

पण हे इमलीलचे झाले. शेजारच्या खोऱ्यांत रस्ता उशिरा पोचला, पर्यटक तुरळक आणि अशी संस्था उभी करायला लागणारे भांडवलही नाही. एकाच खोऱ्यात शंभर लहान गट सोडले तर त्यांची बेरीज मोठ्या गर्दीएवढीच होते, हे हंगामात इमलीलच्या चौकात उभे राहिले की कळते.

आपत्ती आणि सुरक्षितता

१७ ऑगस्ट १९९५ रोजी ढगफुटीने उरिका आणि इमलीलच्या ओढ्यांना पूर आला आणि नदीपात्रातली शेते, घरे, दुकाने वाहून गेली. ८ सप्टेंबर २०२३च्या रात्री ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र अल हाउझ प्रांतात इघिलजवळ होते आणि जवळपास तीन हजार माणसे गेली. आसनीच्या मुलींच्या वसतिगृहांचेही नुकसान झाले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर, ही घरे रात्री झोपेतल्या माणसांवर कोसळली. मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको : ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी परिसरात माळवदाच्या घरांनी हेच केले होते. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारे हे जुने घर पर्यटकाला देखणे वाटते, म्हणून ते तसेच राखावे असा आग्रह आता त्या घरात राहणाऱ्यापुढे धरता येणार नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये इमलीलजवळ तंबूत झोपलेल्या दोन स्कँडिनेव्हियन तरुणींची दहशतवाद्यांनी हत्या केली. तेव्हापासून तुबकालच्या वाटेवर पोलीस चौक्या आहेत आणि अधिकृत वाटाड्या सोबत असणे सक्तीचे झाले.

वागण्याचे नियम

बहुतेक नियम कोणत्याही खेड्यात लागू पडतील असे आहेत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत; स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. मुलांना गोळ्या आणि पेन वाटल्याने वाटेवर हात पसरण्याची सवय लागते, म्हणून द्यायचेच तर शाळेला किंवा गावच्या संस्थेला द्यावे. कोणाच्या घरी बोलावणे आले तर शंकूच्या आकाराची साखर नेण्याची मोरोक्कोत जुनी रीत आहे. बाटलीबंद पाण्यापेक्षा गाळणी किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या बऱ्या, कारण वरच्या गावांतून प्लास्टिक खाली आणायचे ते पुन्हा खेचरावरच. ज्युनिपरची झाडे अतिशय सावकाश वाढतात, म्हणून स्वयंपाक गॅसवर व्हावा आणि शेकोटीची हौस सोडावी. रमजानमध्ये वाटाडे आणि खेचरवाले उपाशीपोटी चालतात. त्या महिन्यात जाणाऱ्याने रोजचा पल्ला कमी ठेवावा आणि सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचावे.

हंगाम

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ. हिवाळ्यात उंच खिंडी बर्फाने भरतात आणि तुबकालच्या चढाईला बुटांना लावायचे काटेरी तळवे व बर्फाची कुऱ्हाड लागते. तेव्हा अनेक गट दक्षिणेकडच्या जबल सग्रोकडे वळतात. तिथली सर्वाधिक उंची सुमारे २,७०० मी., हवा कोरडी आणि वस्ती विरळ; आइत अत्ता टोळ्यांची ही हिवाळी चराई. १९३३ मध्ये बू गाफेरच्या कड्यांवर त्यांनी फ्रेंच सैन्याला आठवडेच्या आठवडे रोखून धरले होते. जबल सिरवा (सुमारे ३,३०० मी.) हा जुना ज्वालामुखी आणि त्याच्या दक्षिणेला केशरासाठी प्रसिद्ध असलेले तालिउइन हा तिसरा पर्याय. केशराची फुले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहाटे उमलण्याआधीच खुडतात, त्यामुळे त्या आठवड्यांत सारे घर शेतावर असते.