उलार गाडीची साठ वर्षं

बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. पोर्शे या जर्मन मोटार कंपनीच्या अभियंत्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात त्यांनी जी गाडी मांडली, तिचं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही पलीकडे, पार शेपटीत होतं. नाव होतं ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. नाव बदललं, इंजिन मात्र आजही तिथेच आहे.

जुन्या-नव्या ९११ची तुलना करताना लोक अश्वशक्ती मोजत बसतात. पहिली १३०ची, वजन सुमारे १,०८० किलो. २०१९ची साधी कॅरेरा (९११चाच एक प्रकार) ३८५ची, वजन दीड टनाच्या घरात. मला यापेक्षा वेगळाच प्रश्न रंजक वाटतो: हा उलारपणा सांभाळायचा कुणी?

त्याचा फायदाही आहे. गाडी उसळी घेते तेव्हा ढकलणाऱ्या चाकांवरच भार असतो, त्यामुळे पकड घट्ट. बिघडतं ते वळणावर. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की भार झटकन पुढे सरकतो, मागचे टायर हलके होतात आणि शेपूट बाहेर पडते. शिवाय टोकाचं वजन एकदा फिरू लागलं की आवरत नाही. तेच वजन गुरुत्वमध्यापासून दुप्पट लांब नेलं, तर त्याचं फिरण्याचं जडत्व चौपट होतं. म्हणून जुन्या ९११मध्ये मन ‘सोड’ म्हणत असतानाही पाय दाबलेलाच ठेवावा लागे.

कंपनीचा एक सुरुवातीचा उपाय तर गमतीदार होता. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ११-११ किलोचे ओतीव ठोकळे बसवले! हलकी स्पोर्ट्स कार बनवायची आणि मग तिच्यात वजन भरायचं. १९६८मध्ये मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली, तेव्हा तोल जरा सुधारला. १९७२च्या अखेरीस आलेल्या कॅरेरा आरएस २.७ला बदकाच्या शेपटीसारखा पंख लावला, कारण छताचा उतार विमानाच्या पंखासारखा मागची बाजू उचलू पाहत होता. पण मोठी सुधारणा आली ती ९९३ पिढीत (९११च्या पिढ्या अशा आकड्यांनी ओळखल्या जातात). आधीच्या सस्पेन्शनमध्ये पाय उचलताच मागची चाकं किंचित बाहेरच्या दिशेला वळत. नव्या जोडदांड्यांनी ती खोड मोडली.

हीच ९९३ हवेवर थंड होणारी शेवटची पिढी. पाण्याचा तेवढाच घनफळाचा साठा हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता शोषतो. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे आणि धूर-आवाजाचे नियम पाळायचे, तर पाणी हवंच. १९९७च्या ९९६मध्ये ते आलं. चाहते रुसले, त्यांना हेडलाइटही तळलेल्या अंड्यासारखे दिसले. (ते दिसतातच, पण भौतिकशास्त्र कंपनीच्या बाजूने होतं.)

नंतरच्या ९९१ पिढीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणखी १०० मिलिमीटरने वाढून २,४५० झालं. पहिल्या गाडीत ते २,२११ होतं. पहिल्या गाडीचे टायर १६५ मिलिमीटर रुंद, पुढे-मागे सारखेच. त्यापुढच्या ९९२ पिढीतल्या कॅरेरा एसचे मागचे टायर ३०५चे. काही गाड्यांत मागची चाकंही वळतात: वेग जास्त असताना पुढच्यांच्याच दिशेला, म्हणजे शेपूट शांत राहते. ९९२ला कानही आहेत. पुढच्या चाकांमागचे ध्वनिसंवेदक उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात आणि रस्ता ओला असल्याची सूचना चालकाला देतात.

या गाडीत वळणावर पाय उचलला, तर शेपूट सुटायच्या आत संगणकाने नेमक्या चाकाला ब्रेक लावलेला असतो. १९६४च्या गाडीत तेवढ्या वेळात फक्त स्टिअरिंगमधून हातांना बातमी पोचते. पुढचं काम हातांचं.