केवलादेवची सारंगागारे: म्हशी, गवत आणि नदीचे पाणी

राजस्थानातल्या भरतपूरचे केवलादेव हे पाणपक्ष्यांचे उद्यान मुळात माणसाने घडवलेले आहे. अठराव्या शतकात अजान बांध घातला गेला आणि पुढे संस्थानी बदकशिकारीसाठी त्याचे पाणी पाटांनी आत खेळवले. उथळ पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक हे करकोचे, बगळे, पाणकावळे एकत्र घरटी करू लागले, म्हणजे सारंगागारे उभी राहिली, ती या व्यवस्थेच्या जोरावर.

१९८१ मध्ये हे क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले आणि पाठोपाठ राष्ट्रीय उद्यान झाले. १९८२ मध्ये चराई थांबवली. राष्ट्रीय उद्यान म्हटले की गुरे बाहेर, हा नियम; इथे गुरे नेमके काय करतात हे आधी कुणी तपासले नाही. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. एवढे होऊन काय साधले? म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात, ते मोकळे सुटले आणि उघडे पाणी झाकू लागले. दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाने बंदी पक्ष्यांच्या मुळावर आल्याचे सांगितले. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा मिळाली. म्हशींचे काम विळ्याकडे आले. पण विळा काठाने चालतो, म्हैस खोल पाण्यात शिरते.

चित्रबलाक मासा डोळ्यांनी शोधत नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवतो आणि स्पर्श होताच ती मिटतो. म्हणून त्याला उघडे, उथळ, मासळीने दाटलेले पाणी लागते. पावसाळ्यात पाणी चढते, मासे वाढतात. मग पाणी ओसरताना ते डबक्यांत कोंडतात. पिल्लांची भूक तेव्हाच ऐन भरात असते. झाडाखाली पाणी असले तर शिकारी प्राणीही सहज पोहोचत नाहीत.

खरी दोरी मात्र उद्यानाबाहेर आहे. अजान बांधाला पाणी देणाऱ्या गंभीर नदीवर वरच्या बाजूला पांचना धरण आले आणि पाण्यावरून वाद पेटला. २००४ मध्ये पाणी जवळपास आलेच नाही, त्या वर्षी वीणही बुडाल्यात जमा. आता गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या नळातून पाणी आणतात. नळाने तळी भरतात, पण नदीबरोबर वाहत येणारी माशांची पिल्ले नळातून येत नाहीत.