कोळशाचा भूसाठा आणि खननयोग्य साठा

सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि येथे कोळसा निघत नाही. तरीही येथील एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प दुरून रेल्वेने येणाऱ्या कोळशावरच चालतो. त्यामुळे एखाद्या नव्या क्षेत्रात इतके कोटी टन कोळसा सापडल्याची बातमी आली, की त्या टनांना बाजारभावाने गुणण्याचा मोह होतो. बातमीतला आकडा मात्र बहुधा भूसाठ्याचा असतो आणि नफ्यातोट्याचा हिशेब खननयोग्य साठ्यावर करावा लागतो.

भूसाठा म्हणजे जमिनीखाली असलेल्या कोळशाचा अंदाज. थराचे क्षेत्रफळ, जाडी आणि घनता यांचा गुणाकार करून तो काढतात आणि वेधनछिद्रे (थर तपासण्यासाठी जमिनीत घेतलेली खोल छिद्रे) किती जवळजवळ घेतली आहेत त्यानुसार त्याला सिद्ध, निर्देशित किंवा अनुमानित म्हणतात. सर्वाधिक गल्लत येथेच होते, कारण ‘सिद्ध’ हा शब्द केवळ कोळसा तेथे असल्याची खात्री देतो, तो काढणे परवडेल याची नव्हे.

खननयोग्य साठा म्हणजे त्यातला प्रत्यक्षात काढता येणारा आणि काढणे परवडणारा कोळसा. तो शेतात दिसणारा कांद्याचा ढीग नसून वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन हाती येणारी पट्टी आहे. समजा, १० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी ५ मीटर जाडीचा थर आहे आणि घनता दर घनमीटरला १.५ टन आहे, तर भूसाठा साडेसात कोटी टन होतो. त्यातून प्रस्तरभंगांमुळे, म्हणजे खडकाचे थर तुटून सरकल्यामुळे, तुटलेला भाग आणि गाव, नदी वा रेल्वेमार्गाखाली सोडावा लागणारा कोळसा वजा होतो. खाण भूमिगत असेल तर छत पेलण्यासाठी ठेवलेल्या खांबांतही बराच कोळसा अडकतो. खुल्या खाणीत एक टन कोळशामागे किती घनमीटर माती-दगड उपसावा लागतो, यावर खर्च ठरतो. राखेचे प्रमाण वाढले की प्रतवारी घसरते आणि विक्रीचा दर उतरतो, पण रेल्वे भाडे मात्र राखेच्या वजनावरही द्यावे लागते. सोलापूरसारख्या दूरच्या ग्राहकासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. शिवाय सरकारला द्यायचे १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) आहेच. बाजारभाव पडला तर जमिनीतला एक कणही न हलता हा साठा आटतो.

काळाचा खर्चही कमी लेखू नये. दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये वर्षाला १२ टक्के दराने आज जेमतेम ३२ रुपयांचे ठरतात, आणि शोधापासून पहिल्या टनापर्यंत भूसंपादन, वनपरवानगी, पर्यावरण मंजुरी असे सर्व टप्पे पार करायचे असतात.

म्हणूनच मोजकी वेधनछिद्रे झालेली असताना प्रकल्पाचे एकच नेमके निव्वळ वर्तमान मूल्य (पुढच्या सर्व जमाखर्चाची आजच्या रुपयांतली वजाबाकी) सांगणे मला अयोग्य वाटते. त्या टप्प्यावर किमान आणि कमाल अशी कक्षा मांडावी, आणि पुढच्या वेधनावर होणारा खर्च त्यातून मिळणाऱ्या माहितीच्या मोलाचा आहे का, एवढाच निर्णय घ्यावा. कोळसा क्षेत्रांच्या व्यावसायिक लिलावांत अंशतः शोधलेली क्षेत्रेही दिली जातात. तेथे महसुलातील वाट्याची बोली खननयोग्य साठा ठरण्याआधीच लावावी लागते आणि उरलेल्या शोधाचा खर्च बोली जिंकणाऱ्यावर पडतो.