आकाशगंगा तोलायची कशी?

हंगामात उसाची ट्रॉली काट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. काटामारीच्या तक्रारी कोल्हापूरला नव्या नाहीत, पण काटा निदान डोळ्यांसमोर असतो. आकाशगंगेला काटा नाही. वर आपण ट्रॉलीतल्याच एका कांडक्यावर बसून वजन विचारतोय.

म्हणून मग गोफणीचं गणित. दगड जितका वेगानं फिरेल तितका दोरीला ताण जास्त. सूर्याचा वेग आणि केंद्रापासूनचं अंतर कळलं, की त्याला धरून ठेवायला आत किती वस्तुमान हवं ते निघतं.

उन्हाळ्यात उत्तररात्री पन्हाळ्यावरून दक्षिणेला पाहा. विंचवाची नांगी म्हणजे मूळ नक्षत्र, शेजारी धनू. केंद्र त्याच बाजूला आहे, हे 1918 मध्ये हार्लो शॅप्लीनं गोलाकार तारकागुच्छांच्या गर्दीवरून ओळखलं. अंतर मात्र त्यानं दुपटीहून जास्त धरलं. आपल्याकडे हा भाग क्षितिजापासून 44 अंश वर येतो. हॉलंडमधल्या लायडनहून जेमतेम 9. तरी 1927 मध्ये फिरण्याचा पुरावा दिला तो लायडनच्याच यान ऊर्टनं: आतले तारे फेरीत पुढे सरकतात, बाहेरचे मागे राहतात. मूळ कल्पना स्वीडनच्या बर्टिल लिंडब्लाडची.

पुढे धूळ आडवी आली. ती भेदून येणाऱ्या हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर लहरींचं भाकीत 1944 मध्ये व्हान द हुल्स्टनं केलं. 1951 मध्ये हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी त्या पकडल्या, त्याही प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढलेल्या भल्यामोठ्या कर्ण्यातून. पाऊस आला की पाणी त्या कर्ण्यातून थेट खोलीत! या लहरींमुळे दूरवरच्या वायूचा वेग मोजता आला.

गंमत पुढेच आहे. 1964 पासून जगभर सूर्याचं अंतर 32,600 प्रकाशवर्षं आणि वेग सेकंदाला 250 किलोमीटर धरत. 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं अधिवेशन दिल्लीत भरलं आणि आकडे झाले 27,700 आणि 220. गणितात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे सूर्याच्या कक्षेच्या आतलं वस्तुमान एका ठरावात तिसऱ्या हिश्शानं घटलं. आता याला काटामारी म्हणायचं का? आज अंतर 26,700 च्या आसपास आणि वेग 230 धरतात. म्हणजे कक्षेच्या आत सुमारे 10,000 कोटी सूर्य.

खरा वाद कक्षेबाहेरचा. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 मध्ये देवयानी दीर्घिकेत पाहिलं, की बाहेरच्या भागातही वेग अपेक्षेइतका घसरत नाही. इथूनच न दिसणाऱ्या वस्तुमानाची चर्चा जोरात सुरू झाली. आपली आकाशगंगाही तशीच, असं धरलं जाई. पण 2013 मध्ये सोडलेल्या गाया दुर्बिणीच्या मोजणीवरून 2023 मध्ये एका गटानं दाखवलं, की बाहेर वेग चांगलाच उतरतो आणि एकूण वजन सुमारे 20,000 कोटी सूर्यच भरतं. उपदीर्घिकांच्या गतीवरून काढलेला आकडा मात्र अजूनही लाख कोटींच्या घरात जातो.