पोटाचं डायलिसिस सरकारी योजनेत उशिरा का आलं?

२९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पी भाषणात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. त्यात दिलेले आकडे असे: किडनी पूर्ण निकामी झालेले २.२ लाख नवे रुग्ण दरवर्षी, त्यापायी वाढणारी मागणी ३.४ कोटी सेशन्सची, एका सेशनचा खर्च सुमारे २,००० रुपये. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण १५४ सेशन्स येतात, म्हणजे आठवड्याला तीन. ही गणती मशीनवरच्या, रक्ताच्या डायलिसिसची. पोटाच्या डायलिसिसमध्ये मशीन लागतंच असं नाही: नळीने पिशवीतला द्रव पोटात सोडायचा, पोटाच्या आतला पडदा गाळणीचं काम करतो, आणि रक्तातली घाण द्रवात उतरली की तो काढून नवा भरायचा. घरी रोज तीन-चार वेळा बॅग बदलणाऱ्या रुग्णाची सेशन्स मोजायची कशी? तो या हिशेबात बसतच नव्हता, आणि पुढचं बरंचसं तिथेच ठरून गेलं.

पद्धत काही नवी नव्हती. पहिले प्रयत्न १९२३ मध्ये जर्मनीत झाले. १९६८ मध्ये कायमस्वरूपी बसवता येणारा मऊ टेन्कॉफ कॅथेटर, म्हणजे पोटात घालायची नळी, आला, तो आजही वापरात आहे. खरी कलाटणी १९७६ ची. दोन लिटर द्रव पोटात भरून रुग्णाला हिंडू-फिरू द्यायचं आणि काही तासांनी तो बदलायचा, ही कल्पना अमेरिकेत टेक्सासमधल्या मंडळींनी एका परिषदेला कळवली. तिथे ती नाकारली गेली. दोनच वर्षांत टोरोंटोमध्ये काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. रिकामी पिशवी गुंडाळून कपड्यांखाली ठेवायची आणि नंतर त्याच पिशवीत पाणी काढायचं. त्यामुळे नळी वारंवार सोडावी लागेना आणि पोटातला जंतुसंसर्ग बराच खाली आला.

आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना मात्र पोटाचं डायलिसिस म्हटलं की आयसीयूतली ताठ नळी आठवते. सर्पदंश, गॅस्ट्रो किंवा लेप्टो या जंतुसंसर्गाने अचानक किडनी बंद पडलेला रुग्ण, बेंबीखाली घातलेली नळी, तासातासाला आत-बाहेर होणारं पाणी, असं एक-दोन दिवस चालायचं. त्याने कित्येकांचे जीव वाचले, पण 'तात्पुरती सोय' हा शिक्काही बसला. घरी करायची पद्धत भारतात १९९१ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा पिशव्या परदेशातून मागवाव्या लागत, त्यामुळे ती पैसेवाल्यांची ठरली. दोन्ही शिक्के अजून पुसलेले नाहीत.

आता २०१६ चा निर्णय. त्याच भाषणात असंही म्हटलं होतं की बहुतेक कुटुंबांना लांबचे हेलपाटे पडतात, गाडीभाडं जातं, मजुरी बुडते. एवढं नेमकं निदान केल्यावर उपाय निघाला तो जिल्हा रुग्णालयात मशीन बसवण्याचा. खासगी भागीदाराने मशीन, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट आणि माणसं आणायची, सरकारने जागा, वीज, पाणी द्यायचं आणि गरिबांच्या सेशन्सचे पैसे भरायचे. निविदा काढायला ही रचना सोयीची होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या दूरच्या भामरागडच्या माणसाला मात्र जिल्हा रुग्णालय म्हणजे गडचिरोली, तेही आठवड्यातून तीनदा.

निर्णयाच्या बाजूने दिली जाणारी कारणं अगदीच पोकळ नाहीत. एका खोलीच्या घरात स्वच्छता कशी राखणार? पोटात संसर्ग झाला तर वेळेत कोण ओळखणार? चार वेळा दोन लिटर म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, जवळपास अडीचशे किलो माल. तो पोचवायचा कसा आणि ठेवायचा कुठे? शिवाय पोटाचा पडदा वर्षानुवर्षं तितकंच काम देईल याची खात्री नसते.

पण रक्ताच्या डायलिसिसला हेच प्रश्न कोणी विचारल्याचं दिसत नाही. चार तासांच्या एका सेशनला सुमारे १२० लिटर द्रव लागतो, तो बनवायला आरओचं पाणी लागतं, आणि वीज तर अखंड हवी. हाताने बॅग बदलायला यातलं काहीच लागत नाही. खिडकी-पंखा बंद, तोंडाला मास्क, हात नीट धुतलेले, की अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. बाहेर आलेल्या पिशवीखाली वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं वाचता आली तर ठीक, पाणी गढूळ दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन. एवढं कमी शिकलेली माणसंही शिकतात. उघड बोललं जात नाही असं आणखी एक कारण आहे: रुग्ण घरी गेला की सेंटरचं सेशनमागचं उत्पन्नही जातं.

पोटाच्या डायलिसिसची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं अखेर २०१९ मध्ये निघाली. काही महिन्यांतच लॉकडाऊन लागला. मशीनवरच्या कित्येक रुग्णांना सेंटर गाठता येईना, तेव्हा घरी बॅगा लावणाऱ्यांचं उदाहरण दिलं जाऊ लागलं. पण कागदावर आलेली सोय राबवायला कॅथेटर बसवणारे हात आणि घरच्यांना शिकवणारी नर्स लागते. ही माणसं मशीनसारखी निविदेतून येत नाहीत.

या पद्धतीचे समर्थक हाँगकाँगचा दाखला देतात. तिथे १९८५ पासून 'आधी पोटाचं डायलिसिस' असं धोरण आहे. थायलंडने २००८ मध्ये तेच स्वीकारलं. वैद्यकीय कारण नसताना मशीन हवं असेल तर खर्च रुग्णाने करायचा. २०२२ मध्ये मात्र तिथे निवड रुग्ण आणि डॉक्टरांवर सोपवली गेली आणि मशीनकडे ओढा वाढला. विरोधकांना हा मुद्दा आयताच मिळाला. फक्त तो मांडताना थायलंडमध्ये दोन्ही पर्याय सरकारी खर्चाने मिळू लागले होते, हे सांगायचं बहुधा राहून जातं.