कपिंग (कॉफीचे)

कपिंग : भाजून दळलेल्या कॉफीवर थेट गरम पाणी ओतून, न गाळता, तिचा वास व चव चमच्याने पारखण्याची पद्धत. व्यापारी तिने मालाची प्रत ठरवतात. कॉफी भाजणारे एकत्र जमून तिच्याच आधारे आपली भाजणी तपासतात.

या पद्धतीचे श्रेय सामान्यतः सॅन फ्रान्सिस्कोचा दलाल क्लॅरेन्स बिकफर्ड याला देतात. काळ बहुधा १८८० चे दशक. तोवर भाव मुख्यतः कच्च्या बियांचा आकार, रंग व बंदराचे नाव यांवर ठरे. मध्य अमेरिकेतील उंचावरचे बारीक, टणक बी पेल्यात थोराड बियांहून सरस उतरते, हे त्याने दाखवले असे सांगतात. हिल्स ब्रदर्स या सॅन फ्रान्सिस्कोच्याच कॉफी-पेढीने ही रीत लवकर उचलली. मात्र चहाच्या व्यापारात ओळीने पेले मांडून चव घेण्याचा प्रघात आधीचा आहे. त्यामुळे बिकफर्डने नवी पद्धत शोधली असे म्हणण्यापेक्षा चहाची रीत कॉफीला लावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्पेशॅल्टी कॉफी असोसिएशन या कॉफी-व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रचलित संकेतात १५० मिलि. पाण्यास ८.२५ ग्रॅ. कॉफी घेतात. पाणी सुमारे ९३° से. असते. भाजणी मुद्दाम हलकी ठेवतात, कारण गडद भाजणीखाली बियांचे मूळ गुण झाकले जातात. एका नमुन्याचे ५ पेले मांडतात; एखादेच आंबलेले बी असले तरी ते कुठल्यातरी पेल्यात सापडते. सुमारे ४ मिनिटांनी वर धरलेला चोथ्याचा थर चमच्याने मोडून वास घेतात, मग जोरदार फुरका मारतात. त्याने कॉफी तुषारांसारखी तोंडभर पसरते व गंध घशामागून नाकात चढतो. पेला निवताना चव पालटते, म्हणून तोच पेला अनेकदा चाखतात. व्यापारात १०० पैकी ८० गुणांपासून पुढे कॉफी सामान्यतः ‘स्पेशॅल्टी’, म्हणजे खास प्रतीची, गणली जाते.

एकटा भाजणारा स्वतःच्या भाजणीतील दोषालाही सरावतो. सामूहिक कपिंगचे खरे मोल येथे आहे. नमुन्यांची नावे झाकून, न बोलता गुण मांडतात आणि नंतरच चर्चा करतात. अमेरिकेत २००० मध्ये स्थापन झालेल्या रोस्टर्स गिल्ड या कॉफी भाजणाऱ्यांच्या संघटनेच्या शिबिरांनी हा परिपाठ रुजवला.

भारतात बेंगळूरुचे कॉफी बोर्ड व चवपारखी सुनालिनी मेनन यांचे कार्य महत्त्वाचे आहे. पावसाळी वाऱ्यावर फुगवलेल्या मॉन्सून्ड मलबार या कॉफीमध्ये आंबटपणा फार थोडा उरतो. तिची तुलना तिच्याच प्रकारच्या नमुन्यांशी करणे योग्य.